दोन सूर्यांचा मुलूख

पुलगावच्या स्टँडवर वर्ध्याची बस भरत होती. माझ्या पुढच्या सीटवर कॉलेजातल्या दोन मुली बसल्या होत्या, जागृती आणि अंजू.

"काय हाय वं त्या गेममंधी, जागृती? कवा पाहावं तवा सायबर कॅफेत बसून राह्यते तू."

"अवं, अख्खा ग्रहच हाय तो! वर दोन सूर्य. गाडी काढ अन् वाट्टेल तिकडे जाय. डोंगर दिसला, तं त्याच्या मांगं खरंच गाव निंगते."

"अन् जिंकाचं कसं?"

"नाई जिंकलं तरी चालते. काल मी नुसती समुद्राच्या काठानं फिरली."

"मी पाह्यला ना थोडासा. गाडी दगडात अटकते, अन् मंग कंप्युटरच बंद पडते."

"पडते. तेवढं खराब हाय."

"अन् तिथले माणसं? बाजूनं जाते, पण तुह्याकडे पाहत नाई. कुठं चालली, एवढंही कोणी इचारत नाई. मले तं भुताचं गाव वाटलं."

"तेच तं मले लय आवडलं."

"काय?"

"अंधार पडल्यावरही फिरली मी तिथं. एकटी. कोणी म्हणजे कोणीच इचारलं नाई."

तेवढ्यात खिडकीखालून एका म्हाताऱ्याचा आवाज आला.

"कोन, लहानूची पोरगी काय वं? कुठं चालली?"

"वर्ध्याले, काका. क्लास हाय."

"एकटीच?"

"नाई, अंजू हाय ना संगं."

"बरं. अंधार पडाच्या आत घरी येजो."

"होव, काका."