दिलीपची शाल

त्या शालीचा मला अजून हेवा वाटतो, गड्या.

मेढ्याकडं रस्त्याचं काम चाललं होतं. माझ्यासोबतचा ड्रायव्हर दिलीप यानं मऊ भरावावर डंपर लावला आणि मुरूम ओतायला हौदा उचलला. ओला मुरूम एका बाजूला चिकटून राहिला, तशी गाडी कलायला लागली. त्यानं झटक्यात हौदा खाली घेतला म्हणून गाडी वाचली.

ठेकेदारानं सगळ्यांसमोर त्याला शाल आणि नारळ दिला. मी आतल्या आत जळत होतो. शेवटी राहवलं न्हाई.

म्हणालो, "मालक, मी आधी खाली उतरून जमीन बघतो, मगच हौदा उचलतो. माझी गाडी कवाच कलली न्हाई."

मालक म्हणाले, "व्हय रं. म्हणून तर तुझं नाव माझ्या ध्यानात ऱ्हात न्हाई."