आत्याने बाबांना सांगितलेलं काम

जमलेल्या माझ्या सगळ्या माणसांनो, आल्यापासून तुम्ही मला एकच विचारताय. आधी कळलं असतं, तर सुमनआत्या वाचली असती का?

मला माहीत नाही. घरात पहिली पदवी माझी, म्हणून उत्तरही माझ्याकडे असेल असं तुम्हाला वाटतं. नाही. इथे उभं राहून बोलणंसुद्धा जड जातंय.

आत्या आपल्या गावची धवलारीण. तिने धवले गायल्याशिवाय इथे लग्न लागलं नाही. भर मांडवात विहिणींना चिमटे काढणारी बाई. पण शौचावाटे रक्त जातंय, हे तिने कुणाला सांगितलं नाही. मूळव्याध समजून झाडपाला घेत राहिली.

पनवेलला तपासणी झाली तेव्हा मोठ्या आतड्याचा कॅन्सर यकृतात पोचला होता. बाबा आणि मी दाराबाहेर ठरवत होतो, तिला सांगायचं नाही. आतून आवाज आला, "आजार माझा, आन् कुजबुज तुमची? माझ्यासमोर बोला."

डॉक्टर समोर बोलले. बहुतेक हा पूर्ण बरा होणार नाही. केमोने गाठी आटोक्यात येतील, वेळ मिळेल. काहींच्या गाठी इतक्या लहान होतात, की ऑपरेशन करता येतं. आत्या म्हणाली, "मंग सुरू करा."

आतड्याची वाट अडली म्हणून पोटावर शौचाची पिशवी आली. पिशवी लावून ती मांडवात बसली. कुणीतरी पुटपुटलं, हे चालतं का? आत्या हसली. "आतडं सगल्यांच्याच पोटान हाय गो. माझं जरासं भायेर आलंय." आणि पुढचा धवला उचलला. असं धैर्य कुठल्या कॉलेजात शिकवतात?

गाठी आटल्या, पण ऑपरेशनइतक्या नाही. मग पुन्हा वाढल्या. औषध बदललं, तेही थकलं. तेव्हा तिनेच विचारलं, "हे औषध मला दिवस देतंय, का माझे दिवस खातंय?" डॉक्टरांनी खरं सांगितलं. तिने केमो थांबवली. दुखणं कमी करणारी औषधं घरी घेतली. शेवटपर्यंत ती आमच्याशी बोलत होती, भांडतसुद्धा होती.

भांडण बाबांशीच. हा आजार रक्ताच्या नात्यात येऊ शकतो, म्हणून पाठच्या भावाने दुर्बीण घालून आतडं तपासून घ्यावं, असं डॉक्टर म्हणाले होते. आत्या रोज विचारायची, "गेलास का रं?" बाबा रोज म्हणायचे, "जाईन गो बाय."

ती गेल्यावर बाबा म्हणाले, "सुतकान कुठं भायेर जायाचं? लोक काय बोलतील?" मी म्हटलं, "बाबा, सुतकात देवळात जात नाहीत. दवाखान्यात जाऊ नये, असं आत्याच्या कुठल्या धवल्यात आहे?"

आता आपण सगळे उठू. क्षणभर गप्प राहू. आत्याच्या मांडवात एवढी शांतता पहिल्यांदाच असेल.

त्याआधी, बाबांना विचारूनच, तिला एक सांगते. आत्या, परवा सुतकातच मी त्यांना पनवेलला घेऊन गेले. आतड्यात एक लहानसा कोंब, म्हणजे पॉलिप, सापडला, तो तिथेच काढला. रिपोर्ट यायचाय. पण तुझा भाऊ जाऊन आला.