सेठच्या नजरेचं माप

मी मूळची भिवापूरची. माय सातऱ्यावर, म्हंजे मिरची वाळवाच्या मैदानावर जाये, तिथं बाया रांगेनं बसून मिरचीचे देठ खुडत, आन् मी तिच्या बाजूले बसून खोकत खोकत तेच शिकली. लाल धूळ केसात, पापण्यात, घामात. आन् काय सांगू तुमाले ताई, मी सातवीत होती तवाच माह्यं आंग असं भरलं, की ती धूळ छातीखालच्या घडीत जाऊन बसे आन् निखारा ठेवल्यावानी जळे. माय म्हणे, वाकून चाल वं, लोकं पाहून राहिले. मी वाकली. ते वाकणं मंग पाठीतच राहून गेलं.

लग्न होऊन हुडकेश्वरले आली. तिथं मेन रोडवर एका सेठचं दुकान, बायाईच्या कपड्याचं. आम्ही बॉडी म्हणतो, आता पोट्ट्या ब्रा म्हणतात, काही म्हणा, घ्यायची त्याच्याकडूनच. तो टेप कधी लावत नव्हता. गादीवर बसल्या बसल्या छातीकडे पाहे, सावकाश, भाजीवाला वांगं पाहते तसं, आन् म्हणे, भाभी, अपनी आँख ही टेप है. मंग माळ्यावरच्या भावाले ओरडे, बेचाळीस फेक रे, बडावाला! सारं दुकान वळून पाहे. वरून डबा पडे, सेठ ती वस्तू आपल्या मुठीवर ताणून दाखवे, घालून पाहाची सोय नाही, वापस नाही. घरी येऊन घातली की मागचा पट्टा मानेकडे चढे, समोरून आंग वर सांडे, आन् खांद्यावर खाचा पडत, जुवाखालच्या बैलाले पडतात तशा. मले वाटे, माह्या आंगातच खोट आहे. किती वर्स वाटलं म्हणता? सारं तरुणपण.

मंग माही सोनल. रंगानं बापावर, आंगानं माह्यावर. पोलीस भरतीचं खूळ तिले, पहाटे ग्राउंडवर धावाले जाये, आन् घरी येऊन कुर्ता काढला की छातीखाली सोललेलं, रक्त. मी तिले घेऊन सेठकडे गेली. म्हटलं, धावाले चालंन अशी द्या. सेठनं पोरीले वरून खालपर्यंत पाहिलं, भरल्या दुकानात म्हणे, ऐसी लडकी दौडेगी तो ट्रॅफिक जाम हो जायेगा भाभी, लगन करून टाका. लोकं हसले. सोनल घरी आली, बूट पलंगाखाली लोटले, आन् दुसऱ्या दिवशी पहाटे धावाले उठलीच नाही. म्हणे, माय, मले नाही जमत वं.

त्या दिवशी माह्या आंगात जे पेटलं ना ताई, ते अजून विझलं नाही.

ग्राउंडवरच्या एका पोट्टीच्या मायनं सांगितलं, सीताबर्डीत एक बाई पडद्याआड माप घेते. गेलो. त्या बाईनं आम्हा दोघींच्या छातीच्या खालून टेप फिरवली, मंग वरून. हसली. म्हणे, काकू, फुगा मोठा असला म्हणून दोरी लांब लागते का? पट्टा चौतीसचा पाहिजे, वाटी मोठी. तुम्ही मायलेकी ब्रा नाही, थैल्या घालून राहिल्या होत्या. सोनल नवी घालून पाहाले आत गेली, आन् पडद्यामागून धप् धप् आवाज येऊ लागला. मी म्हटलं, काय झालं वं? आतून सोनल म्हणे, काही नाही माय, उड्या मारून पाहून राहिली!

तिनं पलंगाखालचे बूट बाहेर काढले. आता माही पाळी.

दिवाळीच्या आधीचा रविवार, दुकान बायांनी गच्च. म्हटलं, सेठ, आमच्या घरच्या मालकासाठी चड्डी द्या. म्हणे, साइज? म्हटलं, तुमच्याच बांध्याचे आहेत, थांबा, माही नजर बी टेप आहे. आन् मी त्याले पाहिलं, पोटापासून खाली, सावकाश, तो पाहे तसंच. मंग माळ्याकडे तोंड करून ओरडली, अठ्ठेचाळीस फेका भाऊ, पण समोरून छोटावाला!

बाया अशा हसल्या, की रस्त्यावरचे थांबले. सेठचे कान लाल. मी पिशवीतून टेप काढली, म्हटलं, बायाहो, यानं आपल्याले जल्मभर चुकीचं माप देल्लं. एकीनं ब्लाउजात बोट घालून पाहिलं, म्हणे, खरंच वं, माहाबी पट्टा वर चढते. एकेक डबा काउंटरवर परत पडला. तो आवाज अजून कानात गोड वाटते.

आता सेठनं पडदा लावला, सुनेले टेप घेऊन बसवलं. निरोप धाडला, भाभी, गुस्सा छोडो. सोनल बी म्हणते, सोड ना वं माय. काहून सोडू? गल्ला रिकामा झाला म्हणून पडदा लागला, शरम वाटली म्हणून नाही.

सोनलची भरतीची मैदानी परीक्षा निघाली. लेखी बाकी आहे. ती अभ्यास करते आन् मी हात जोडून सेठसाठी मागते, त्याले लंबी उमर मिळो, डोळ्याले मोतीबिंदू न होवो. माही पोरगी वर्दी घालून, छाती काढून त्या रोडनं जाईन, तवा त्याले साफ दिसलं पाहिजे.