अर्धा टँकर, सबंध फोटॉन

...आन वरून गल्लीतले लोक मलाच विचारून राहिले, "सिद्धलिंग, तुझा कॉम्प्युटर एवढं पाणी कामून पितो रे?" आता तुम्हीच सांगा, कॉम्प्युटर कधी पाणी पितो का? पितो तो कूलर! दुष्काळापायी नांदेडचं हॉस्टेल रिकामं केलं, म्हणून मी पीएचडीची मशीन घेऊन जळकोटला घरी आलो. ती रात्रंदिवस चालणार, तापणार, तिच्यापुढं कूलर, कूलरला पाणी... आन सोमवारी सरांना निकाल न्हाई दाखवला तर पीएचडीतून नाव कट!

आई, म्हणजे रत्नम्मा, म्हणाली, "करतो तरी काय तू?"

"शिशाचे अणू एकमेकांवर आपटतो."

"घरात?"

"खोटे-खोटे गं, कॉम्प्युटरमंदी!"

"मग कूलरमंदी बी खोटं-खोटंच पाणी घाल की!"

बोला आता! आन लाईट? ती तर पाहुण्यासारखी यायची, गेली की मशीनचं गणित पुन्हा पहिल्यापासून! आमचे पुढारी शिवप्पाकाका मिशीला ताव देऊन म्हणायचे, "लातूर तोडून उदगीर जिल्हा होऊ दे, मग बघ!" नळ कोरडा? जिल्हा होऊ दे! रस्ता फुटला? जिल्हा होऊ दे! माझ्या लग्नाचं काढलं तरी, जिल्हा होऊ दे!

टँकर यायचा, पण वाटेतल्या गल्ल्या पाईप टाकून अर्धा करायच्या. तुम्हाला सांगतो, तिथंच माझी अक्कल गहाण पडली. घागरींच्या रांगेत बायांना समजावत बसलो, "अणू आपटले की एकीकडं फोटॉन, म्हणजे उजेडाचा कण, सुटतो, दुसरीकडं कणांचा झोत. निघताना दोघांचा जोर सारखाच. पण मधी असते तापलेल्या कणांची गर्दी, ती झोताला लुटते. फोटॉनला कोणी हात लावत न्हाई, म्हणून त्याच्यावरून कळतं, झोत निघाला किती आन लुटला किती. म्हणजे बघा, झोत आपला टँकर, आन फोटॉन पाणीटंचाईच्या साहेबाची जीप!"

रांगेतली केवळाबाई पदर खोचत उठली, "आगं बायांनो, मग आपण टँकरच कामून अडवून राहिलो? जीप अडवू की!"

दुसऱ्या दिवशी जीपपुढं घागरीच घागरी! मी बोंबलतोय, "अहो, फोटॉन अडत नसतो! अडला तर माझं गणित बोंबललं!" ऐकतो कोण? साहेब उन्हात असा तापला, की फोनवर ओरडला, "सगळे पंप चालू करा, भरलेला टँकर पाठवा!"

आला की हो! काठोकाठ! आमच्या कूलरला बी घागर मिळाली. मी खुशीत मशीनपाशी जाऊन बसलो, थोडंच राहिलं होतं... आन सगळे पंप एकदम चालवल्यामुळं ट्रान्सफॉर्मर उडाला! मशीन बंद. लाखो टकरी केलेल्या, सगळ्या पाण्यात... न्हाई, पाणी तर कूलरमंदीच होतं, आई तांब्यानं उपसून घागरीत भरून राहिली होती.

तेवढ्यात सरांचा फोन. "सिद्धलिंग, निकाल कधी?"

काय सांगू हो? रडू येऊन राहिलं होतं, खरंच. घसा खाकरला आन म्हटलं,

"सर... उदगीर जिल्हा होऊ द्या!"