ढगात चरणारी म्हैस

जीपनीत, म्हणजे समोरासमोर बाकं असलेल्या लांबट प्रवासी जीपमध्ये, मागच्यांचं भाडं हातोहात पुढे ड्रायव्हरपर्यंत जातं. आज सकाळी त्याच वाटेनं शाळेच्या वाचनालयाचं एक पुस्तक निघालं. दाराशी दाटीत बसलेल्या लिगायानं ते ड्रायव्हरमागे बसलेल्या मारिकितसाठी दिलं होतं.

"मारिकित, घे ना. आज दुसऱ्या कुणी वाचायला न्यायला नाव लावलं नाही, तर बाई ते रद्दीत काढणार."

"म्हशीचं पुस्तक? मी काय बाळ आहे?"

"ही ढगात चरते. तिची धार काढली की पाऊस पडतो."

"काहीतरीच तुझं."

"आजी, पुढे द्या ना ते," मधेच पुस्तक उघडून बसलेल्या आजींना लिगाया म्हणाली.

"थांब गं, पान संपू दे. म्हैस रुसलीय."

"रुसेल नाहीतर काय. तिचं शेण नेमकं सरपंचाच्या टोपीत पडलं, आणि सगळं गाव तिलाच बोललं," शेजारचे काका पानात डोकावत म्हणाले.

"आजी, तुमचा थांबा गेला."

"जाऊ दे. चालत येईन मागे."

"आजी, आता इकडे द्या. माझी पाळी."

"अहो काका, ते माझ्यासाठी आहे."

"तू तर नको म्हणालीस."

"कधी? लिगाया, मी नको म्हणाले? शाळेत पोचल्या पोचल्या नाव लावते."

"नाव लाव, बाळ," ड्रायव्हर म्हणाला, "पण आधी मोठ्यानं वाच. हिरवा दिवा लागलाय, मला आता मागे वळून पुस्तकात बघता येत नाही."