अंजीर उघडताना

हॅलो? … हो, मस्तुराच बोलतेय… अगं नफीसा, जरा मोठ्यानं बोल, फोन डोक्याच्या रुमालात खोचलाय कानाशी. दोन्ही हात मातीत आहेत… अंगणात, आणखी कुठे असणार? … हो, हो, नवरोजचा सण तोंडावर आला आणि तुझी वहिनी अजून पालापाचोळाच ओढतेय. बोल, बोलून घे…

पाण्याचा पाट साफ केला. जर्दाळूच्या बुंध्यांना चुना लावला. ओट्यापुढचं गवत दाताळ्यानं विंचरलं, खालून हिरवं डोकावतंय… गुलाब छाटले गं, छाटले. तुझ्यापेक्षा बरे छाटले.

… तुझे दादा? तसेच. भिंतीकडे तोंड… जेवतात ना, दोन घास… नाही गं, फोनवर नाही यायचे. कालही नको म्हणाले. सगळ्यांनाच नको म्हणतात, तू मनाला लावून घेऊ नकोस… डॉक्टर म्हणतात हृदय आता ठीक आहे, हिंडूफिरू द्या. पण हे दवाखान्यातून आल्यापासून उंबरा ओलांडत नाहीत. काय करू मी? उचलून आणू?

अगं ऐक ना. एक सांगायचंय, पण रागावायचं नाही… उद्या सिमेंटवाला येतोय… अंजिराच्या जागेवर ओतायला… थांब, इल्हामला कशाला शिव्या देतेस? माझ्या लेकानं नाही काढलं हे. तुझ्या दादांनीच सांगितलं त्याला. म्हणाले, दरवर्षी थंडीच्या आधी झाड वाकवून मातीखाली पुरा, वसंतात परत उघडा, हे आता कोण करणार? मी तर नसेन. सिमेंट करून टाका, गाडी तरी उभी राहील…

हो गं. तुमच्या आईनं लावलेलं, माहीत आहे मला. लग्न होऊन आले तेव्हापासून त्याची फळं मीच सुकवतेय आणि तुम्ही तिकडे कोकंद शहरात बसून खाताय… नाही, नाही, रडू नकोस. तू रडलीस तर माझे हात थांबतील.

… त्यांचं म्हणणं, मेलंच असेल. या खेपेला ते दवाखान्यात होते ना, मग मी आणि शेजारची तुर्सुनाय, आम्ही दोघींनी पुरलं. तेही पहिला बर्फ पडून गेल्यावर. वाकवताना एक फांदी मोडलीसुद्धा… नाही सांगितलं त्यांना. कोण सांगेल?

म्हणून उघडतेय आत्ता. सिमेंट पडायच्या आधी बघते तरी काय झालंय त्याचं… कुदळ कधीच बाजूला टाकली गं, हातानंच उकरतेय. मला शिकवतेस?

… थांब. गोणपाट लागलं… ओलं आहे… वास? येतोय थोडा कुबट… अं, सांगता येत नाही…

ही लागली फांदी… हो, नखानं खरवडते… तपकिरी… आणखी खरवडलं, तरी तपकिरीच… दुसरी… अगं, ही तर हातातच तुटली, नफीसा. कोरडी ठाक.

… नाही, आता नाही उकरत मी… खरंच म्हणत असतील ते. मेलं असेल… कुठे? बुंध्याजवळ? अगं, इथे माती घट्ट बसलीय… बरं बाई, बरं. काढते माती…

…

नफीसा… अगं ओरडू नकोस, सांगते ना. हिरवं आहे… सालीखाली. पोपटी, ओलं… थांब, सुरीनं जरासं टोक कापते… दूध आलं… दूध गं, पांढरं. बोटाला चिकटतंय… हो, रडतेय. का नाही रडणार? सगळा हिवाळा मला वाटत होतं, मीच मारलं म्हणून…

हळू बोल. हळू… दारात तुझे दादा उभे आहेत… हो, उभे. पायांत इल्हामचे बूट… अहो, टोपी तरी घाला, वारं आहे… काही नाही, नफीसाशी बोलत होते… काय म्हणालात? …

म्हणतात, एकदम उघडं का टाकलंस? इतके दिवस अंधारात होतं, त्याला लगेच भर उन्हात काढतात का? दुपारी गोणपाट वर टाकायचं, संध्याकाळी काढायचं, चार दिवस सवय लावायची… आता विचारताहेत फांदी कुणी मोडली… तुर्सुनायनं मोडली, म्हटलं मी. तू गप्प बस.

… हो गं, माझ्यावरच ओरडताहेत. सगळ्या गल्लीला ऐकू जातंय. तुलाही येतंय ना ऐकू? … ऐक, पोटभर ऐक.

काय हो? … फोन? … नफीसा, फोन मागताहेत… घ्या ना, बोला बहिणीशी, सगळा हिवाळा वाट बघतेय बिचारी… काय? … अगं, तुझ्याशी नाही. सिमेंटवाल्याला लावायचाय म्हणे, आत्ताच्या आत्ता. येऊ नको म्हणून सांगायला… हसतेस काय? हात पुढे करून उभे आहेत इथे…

काय सांगू तिला? … बरं… नफीसा, म्हणतात, तिला म्हणावं, उद्या मी लावतो फोन… हो, स्वतः… अगदी असंच म्हणाले. उद्या… ठेवते गं.