बस दस!

अगं, भावाचं काय घेऊन बसलीस, आमचा भाव कसा ठरला ते ऐक!

एकाहत्तरच्या लढाईचे दिवस. आमचे हे फॅक्टरीतून आले की अंगणात पत्र्याच्या ड्रममध्ये, लाकडाच्या धुरावर मटण भाजत. वासानं क्वार्टरांची अख्खी लाईन गोळा व्हायची. विकायचं ठरलं, पण भाव काही ठरेना. मी म्हणायची, "आठ रुपये किलोनं तर कच्चंच येते, बारा लावा." हे म्हणायचे, "शेजाऱ्यांना बारा कोणत्या तोंडानं सांगू?"

एका रविवारी इतका धूर झाला, की लढाईत आग-दिव्यांवर नजर ठेवायला नेमलेला वॉर्डन सायकल टाकून सरळ आत! हे हात जोडून उभे. तक्रार गेली तर नोकरीवरच गदा.

वॉर्डननं ड्रमकडे बोट दाखवलं. "कितना लगेगा?"

ह्यांना वाटलं, विझवायला किती वेळ लागेल ते विचारून राहिला. "बस दस, साहब! बस दस!"

त्यानं खिशातून दहाची नोट काढली. "एक किलो बाँध दो."

तो गेला तसे हे पायरीवर मटकन बसले. "चलो, भाव तर ठरला!"

मी म्हटलं, "नशीब माझं, घाबरून पाच मिनिटं नाही सांगितली!"